राखमुखीचा डावा हात

३ मार्च, सोमवार

ही वही मीच शिवली. कापून उरलेले कागद काकांनी दिले आणि म्हणाले, "यावर तुझ्या त्या बाईचं काय ते लिही. माझं डोकं खाऊ नकोस." काका म्हणजे बाइंडिंगच्या दुकानाचे मालक. नात्याने काका नाहीत, पण नववीत शाळा सुटल्यापासून मी त्यांच्याकडेच आहे. ती बाई म्हणजे राखमुखी.

काल ग्रंथालयात रविवारच्या टेबलावर, म्हणजे आम्ही वाचक दर आठवड्याला जमतो तिथे, पुन्हा तोच वाद झाला: राखमुखी मोठी की महायंता? राखमुखी ही 'काजळतारा' या सात भागांच्या कादंबरीतली खलनायिका. तिने मूठ मिटली की तारा विझतो. महायंता 'लोहनभ'मधला. त्याच्या मनात आलं की नऊ हजार लोखंडी जहाजं एकदम वळतात. दोघांचे लेखक वेगळे, विश्वं वेगळी, त्यामुळे त्यांची गाठ पुस्तकात पडणं शक्य नाही. ती आम्ही टेबलावर घालून देतो.

वायरमन महायंताच्या बाजूचा आहे. तो म्हणाला, "वकीलसाहेब, मूठ मिटायला ती बया जवळ तर यायला हवी ना? तोवर नऊ हजार जहाजं काय माश्या मारत बसणार?" मला तो वकीलसाहेब म्हणतो, कारण पुराव्याचा नियम मी घातला. पात्र स्वतःच्या ताकदीबद्दल जे बोलतं ते धरायचं नाही. पुस्तकात जे घडलं तेवढंच धरायचं. महायंता तीन ठिकाणी म्हणतो की मी काळ थांबवू शकतो, पण एकदाही थांबवत नाही. म्हणून तो मुद्दा बाद. वायरमन अजून चिडलेला आहे.

माझा मुख्य मुद्दा असा की सात भागांत राखमुखीला एकदाही जखम होत नाही. हे निर्विवाद आहे. (शब्द कोशात पाहिला, बरोबर आहे.)

९ मार्च, रविवार

आज नर्सबाई पहिल्यांदा टेबलावर बोलल्या. ग्रंथालयापलीकडच्या दवाखान्यात नोकरीला आहेत, माझ्यापेक्षा दोनएक वर्षांनी लहान असाव्यात, दोन महिन्यांपासून येऊन नुसत्या ऐकत होत्या. त्यांनी 'काजळतारा'चा चौथा भाग उघडला आणि म्हणाल्या, "तिला जखम झाली आहे. चौथ्या भागाच्या मध्यापर्यंत ती दोन्ही हात वापरते. मग पुढे शेवटपर्यंत डावा हात एकदाही वर करत नाही. दार उघडते उजव्याने, मूठ मिटते उजव्याने, पत्राची घडी दातात धरून उजव्याने उलगडते. असे रुग्ण मी रोज बघते."

वायरमन उडालाच. "शाब्बास बाई! कुठे झाली जखम? पान दाखवा."

त्या म्हणाल्या, "पान नाही सापडत. पण इथे काहीतरी सुटल्यासारखं वाटतं."

"मग पुरावा द्या, नाहीतर इंजेक्शन द्या," वायरमन म्हणाला आणि सगळे हसले.

मी उभा राहिलो. मी म्हणालो की त्या जागी काही सुटलेलं नाही, लेखकाने मुद्दाम मौन पाळलं आहे. एका परिच्छेदात ती दीपगृहाचं दार ढकलते आणि पुढच्याच परिच्छेदात ती बाहेर आहे, राख पडते आहे. मधलं सांगायचं नाही, हीच लेखकाची ताकद. उत्तम लेखक जे लिहीत नाही तेही वाचता आलं पाहिजे. हे वाक्य मला बोलता बोलता सुचलं. टाळ्या पडल्या. दाराशी उभ्या ग्रंथपालबाईंनीसुद्धा वाजवल्या.

नर्सबाई खाली बसल्या.

चौथ्या भागातला संदर्भ द्यायची पंचाईत होते. त्याला पृष्ठांचे आकडे नाहीत. तीन वर्षांपूर्वी ग्रंथालयाने दुरुस्तीला दिलेलं, मी एकट्याने केलेलं ते पहिलं पुस्तक. खालची कड वाळवीने खाल्ली होती, ती सरळ करताना मशीनवर जास्त कापली गेली आणि आकडेही गेले. काका तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. दुसरी प्रत कुणाकडे नाही आणि प्रकाशक केव्हाच बंद झाला. म्हणून आम्ही चौथ्या भागात परिच्छेद मोजतो.

१० मार्च, सोमवार

ग्रंथपालबाई दुकानात आल्या. काका बाहेर गेल्याचं पाहून म्हणाल्या, "ग्रंथालयात पुस्तकांच्या देखभालीची जागा निघते आहे. कायमची. दहावी लागते, पण तुझ्यासाठी मी बोलेन. ३० तारखेला आपण मोठा सामना ठेवू, राखमुखी विरुद्ध महायंता. ग्रंथालयाचे चिटणीस येणार आहेत. त्यांनी तुला बोलताना ऐकलं की नववी-दहावीचं कोण विचारतं?"

मी हो म्हणालो. त्या गेल्यावर एकाच पुठ्ठ्याला दोनदा खळ लावली.

आईला सांगितलं. तिने शेजारच्या दोन घरी सांगितलं. ताई म्हणाली, "म्हणजे त्या राखमुखीच्या जिवावर हा नोकरीला लागणार. देव तिचं भलं करो."

काकांना अजून सांगितलेलं नाही. कसं सांगायचं ते ठरलं की सांगेन.

१२ मार्च, बुधवार

नर्सबाई दुकानात आल्या. पुस्तक दुरुस्तीला आणलं होतं. पाठीचं कापड एका बाजूने वरपासून खालपर्यंत फाटलं आहे. फाटलेलं अगदी सरळ आहे, दोरे लोंबत नाहीत, जणू पात्याने कापावं तसं. दवाखान्यात पुस्तकं नीट हाताळत नसावेत.

त्या बराच वेळ थांबल्या. मौनाबद्दल बोलायचं आहे म्हणाल्या. "समजा लेखक गप्प आहे. मग डावा हातसुद्धा गप्पच का?" मी म्हणालो, विचार करून सांगतो. त्यांनी विचारलं, "पुस्तक कधी मिळेल?" मी म्हणालो, शनिवारी. त्या म्हणाल्या, "काही घाई नाही. मधे एकदा येऊन बघून जाईन." दुरुस्तीत मधे बघण्यासारखं काही नसतं, हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं.

त्या गेल्यावर काका खोकत हसत होते. म्हणाले, "गाढवाला गुळाची चव काय?" गूळ कोणता ते कळलं नाही.

हा त्यांचा तिसरा फेरा. आधीची दोन्ही पुस्तकंही अशीच सरळ फाटली होती.

१४ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

नर्सबाईंचं पुस्तक हाती घेतलं. शरीरशास्त्राचं जाड पुस्तक आहे. आमच्याच दुकानात तीन वर्षांपूर्वी बांधलेलं, आतल्या पुठ्ठ्यावर आमचा शिक्का. कापड उचललं. त्याखाली पाठीला बळकटी म्हणून रद्दी कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्या ओल्या फडक्याने सोडवल्या. तीन पट्ट्या निघाल्या. दुसरीवर राखमुखीचं नाव होतं.

आधी वाटलं, भास आहे. उन्हात नेऊन पाहिलं. 'काजळतारा'चाच टाइप. ओळी दोन्ही बाजूंनी कापलेल्या.

"...राखमुखीने डावा हात त्या ज्योतीभोव..."

"...तळवा काळा पडला, पण तिने वात विझू दि..."

"...दिवेकरी म्हणाला, आता तरी सोड..."

मी सात भाग अकरा वेळा वाचले आहेत. या ओळी त्यांत नाहीत. दिवेकरी नावाचं माणूसच त्यांत नाही.

दुकानाच्या कामाची जुनी नोंदवही काढली. शरीरशास्त्राचं पुस्तक आणि 'काजळतारा'चा चौथा भाग एकाच आठवड्यातले. मग आठवलं. चौथ्या भागाचा एक फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदाला घड्या घालून झालेली सोळा पृष्ठं, चिखलाने माखला होता. तो मी धुऊन खिडकीजवळ वाळत ठेवला. खिडकीजवळच रद्दीचा गठ्ठा असतो. त्या आठवड्यात बारा पुस्तकांच्या पाठी होत्या, आणि पट्ट्या कापायचं काम माझं.

शिवण्याआधी फर्मे मोजायचे असतात. मी मोजले नव्हते. पृष्ठांचे आकडेही मीच कापलेले, दुरुस्तीआधी तो भाग आमच्यातल्या कुणी वाचलेला नव्हता, त्यामुळे नंतर कुणाला कळायला मार्ग राहिला नाही. मधलं एक पान पूर्णविरामावर संपतं आणि पुढचं नव्या परिच्छेदाने सुरू होतं, एवढाच योगायोग.

म्हणजे लेखकाचं मौन नाही. माझी कात्री आहे.

तिन्ही पट्ट्या वाळवून या वहीत ठेवल्या आहेत.

१५ मार्च, शनिवार

पुस्तकाला नव्या पट्ट्या लावल्या, नवं कापड लावलं. कुणाला कळणार नाही. नर्सबाई घेऊन गेल्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

१७ मार्च, सोमवार

काल टेबलावर गेलो नाही. पोट बिघडलंय असा निरोप पाठवला.

आज काकांना आडून विचारलं, "एखाद्या पुस्तकात एक फर्मा कमी राहिला आणि वाचणाऱ्याला कळलंच नाही, तर?"

काका दोऱ्याला मेण लावत होते. म्हणाले, "तर वाचणारा लेखकाला शिव्या देतो. लेखक बहुधा मेलेला असतो. सगळं सुरळीत."

"आणि वाचणाऱ्याने शिव्यांऐवजी वाहवा केली तर?"

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "असा गाढव वाचक मी तरी बघितला नाही."

१९ मार्च, बुधवार

टेबलावर करतो तशी दोन्ही बाजू मांडून पाहतो.

गप्प राहावं, कारण: जागा मिळेल. आईने शेजारी सांगून ठेवलं आहे. दहावी झालेली नसताना अशी संधी पुन्हा येणार नाही. नुकसान कुणाचंच नाही, राखमुखी खरी नाही. शिवाय देखभालीच्या जागेवर बसलो तर ते पुस्तक माझ्याच ताब्यात राहील आणि पुढे कधीतरी गुपचूप नीट करता येईल.

सांगावं, कारण: चूक माझी आहे.

डावीकडे पाच मुद्दे आणि उजवीकडे एक. तरी झोप नीट लागत नाही.

२२ मार्च, शनिवार

नर्सबाई आल्या. यावेळी पुस्तक नव्हतं, जाता जाता आले म्हणाल्या. दुकान त्यांच्या रस्त्यावर येत नाही, लांबून आल्या असणार.

म्हणाल्या, "चौथा भाग मी पुन्हा वाचला. माझंच चुकलं असेल. तुम्ही म्हणता तसं मौन असेल. मला असलं कळत नाही फारसं. आम्ही सरळ जखम बघणारी माणसं."

हातातल्या पुठ्ठ्याचा कोपरा दुमडला, तो बदलावा लागला.

"३० तारखेला मी येईन," त्या म्हणाल्या, "तुमच्या बाजूने टाळ्या वाजवायला."

त्यांचं बरोबर होतं. बारीक लक्ष देऊन, दार आणि पत्र आणि मूठ मोजून त्यांनी ते ओळखलं होतं. आणि आता त्या स्वतःला चूक म्हणत होत्या. हा मुद्दा बुधवारच्या यादीत नव्हता.

२३ मार्च, रविवार

काकांना जागेबद्दल सांगितलं. फर्म्याबद्दलही सांगितलं. काम थांबवून ऐकलं त्यांनी. आधी पहिल्याबद्दल म्हणाले, "जा की. चांगली जागा आहे. माझं काय, दुसरा कुणी मिळेल." मग उगीचच कटिंग मशीन पुसायला लागले. पुसलेलंच होतं ते.

दुसऱ्याबद्दल म्हणाले, "फर्मे मोजले नव्हतेस."

"नाही."

"मी एकदा एका वकिलाचा अख्खा ग्रंथ उलटा बांधला होता. कव्हर सरळ, आत सगळं खाली डोकं वर पाय. त्याने सहा वर्षं उघडलाच नाही. सातव्या वर्षी आला."

"मग तुम्ही काय केलंत?"

"सरळ बांधून दिला. दुसरं काय करतात?"

३० मार्च, रविवार

सामना सकाळी दहाला होता. चाळीसेक माणसं आली, खुर्च्या कमी पडल्या. चिटणीस पुढच्या रांगेत वही उघडून बसले होते. ताई आईला घेऊन आली होती. वायरमनने महायंताच्या जहाजांचा तक्ता फळ्यावर काढला होता, तारांच्या जोडण्यांसकट.

आधी मला बोलायला सांगितलं. लिहून नेलं होतं, ते वाचलं. इथे उतरवून ठेवतो.

"नियमाप्रमाणे पुस्तकात घडलेलंच धरायचं. पण आपल्या चौथ्या भागात सोळा पृष्ठं नाहीत. ती लेखकाने वगळलेली नाहीत. तीन वर्षांपूर्वी हे पुस्तक मी बांधलं तेव्हा ती माझ्या हातून रद्दीत गेली आणि त्यांच्या पट्ट्या कापून मी बारा पुस्तकांच्या पाठींना लावल्या. लेखकाच्या मौनाबद्दल मी जे बोललो ते चूक होतं. हा पुरावा." पट्ट्या काचेखाली लावल्या होत्या, त्या टेबलावर ठेवल्या. "राखमुखीला जखम झाली आहे. डाव्या हाताला. हे पुराव्याशिवाय एकाच व्यक्तीने ओळखलं होतं. त्या व्यक्तीला मी सगळ्यांसमोर खोडून काढलं. त्यांची माफी मागतो."

मी बसलो. मग वायरमन ओरडला, "म्हणजे तीन वर्षं मी याच्या कात्रीशी भांडत होतो?"

एकच हशा झाला. मी ताईकडे पाहिलं, तीही हसत होती. आई हसत नव्हती.

मग सगळे काचेवर वाकले. वायरमनने मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "घ्या! साध्या दिव्याने भाजली. महायंता जिंकला. सामना खलास."

नर्सबाई उठल्या. "नीट वाचा. भाजली नाही, हात धरून ठेवला. दिवेकरी सोड म्हणतोय, तरी. तारे विझवणारी बाई एक वात विझू नये म्हणून हात जाळून घेते. ही हार कशी?"

"मग काय जीत? हात गेला ना!"

"गेला नाही, दिला."

"अहो, दिला तर दिला! उरला तर एकच ना?"

त्यावर पुढे तासभर भांडण चाललं. चाळीसही माणसं भांडली. एक आजोबा ज्यांनी दोन्हीतलं एकही पुस्तक वाचलेलं नाही ते सगळ्यांत मोठ्याने बोलत होते. असा वाद आमच्या टेबलावर कधी झाला नव्हता. ठराव काही झाला नाही.

चिटणीसांनी मधेच वही मिटली होती. जाताना मला विचारलं, "शिक्षण किती तुमचं?" मी नववी म्हणालो. ते "बरं" म्हणाले.

२ एप्रिल, बुधवार

ग्रंथपालबाई आल्या होत्या. जागेवर दुसऱ्या कुणालातरी घेतलं. म्हणाल्या, "खरं बोललास ते चांगलंच. पण ज्याच्या हातून पान हरवलं त्यालाच पानं सांभाळायला द्या, हे मला समितीला पटवता आलं नाही." त्यांचं म्हणणं रास्त आहे. चौथा भाग मात्र त्यांनी माझ्याकडेच ठेवायला दिला, सापडतील तशा पट्ट्या जोडायला.

आईने शेजारी काय सांगितलं माहीत नाही. मला म्हणाली, "जेवून घे." ताईने दोन दिवस राखमुखीचं नाव काढलेलं नाही, म्हणजे तिलाही वाईट वाटलं असावं.

काकांना सांगितलं की मी आता इथेच आहे. ते "हं" म्हणाले. दुपारी त्यांनी स्वतः चहा केला. मी इथे सात वर्षं आहे. सात वर्षांत पहिल्यांदा केला. साखर दुप्पट पडली होती. कशाच्या आनंदात होते, विचारलं नाही.

५ एप्रिल, शनिवार

नोंदवहीतून बारा पुस्तकांची यादी काढून ग्रंथालयाच्या फळ्यावर लावली. एक झालं, अकरा उरली. त्यांतली चार ग्रंथालयात आहेत, सात लोकांच्या घरी. चांगली बांधलेली पुस्तकं फोडायची नाहीत असं ठरलं. ज्याची पाठ आपोआप जाईल त्याने दुकानात आणावं. मी तेव्हा काम चांगलं केलं होतं, त्यामुळे वीस-पंचवीस वर्षं लागतील. वायरमन म्हणाला, "मी थांबतो. महायंता काळ थांबवू शकतो." मी म्हणालो, तो मुद्दा बाद आहे.

९ एप्रिल, बुधवार

नर्सबाईंनी पुस्तक आणलं. पाठीचं कापड सरळ फाटलेलं. मी यादी पाहिली. म्हणालो, "हे पुस्तक त्या बारांतलं नाही. तीन वर्षांपूर्वीचंही नाही. याच्यात पट्टी निघणार नाही."

त्या म्हणाल्या, "बघा तरी."

समोरच बसल्या. मी त्यांच्यादेखत कापड उचललं, पट्ट्या सोडवल्या. जुन्या वेळापत्रकाचे कागद निघाले. मी म्हणालो त्याप्रमाणे राखमुखीचं काही नव्हतं. तरी त्यांना वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही. शनिवारी न्यायला येते म्हणाल्या, आणि घरी अजून चार पुस्तकं आहेत म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी काकांना म्हणालो, यांची पुस्तकं वारंवार फाटतात, मी यावेळी दुहेरी कापड लावतो आणि खळ जास्त घेतो. म्हणजे त्यांना पुन्हा पुन्हा यायचा त्रास नको.

काकांनी खळीचं भांडं माझ्या हातातून काढून घेतलं. म्हणाले, "एकेरी लाव. आणि फार घट्ट नको."

कारण सांगितलं नाही. पण चाळीस वर्षांचा अनुभव आहे त्यांचा. एकेरी लावलं. फर्मे दोनदा मोजले.